गळती

संध्याकाळी दुकानातले दिवे मालवतो
आणि सॅक्सोफोनच्या नळीत एक बारीक दिवा सोडतो.
जिथून उजेड झिरपतो, तिथूनच श्वास गळतो.
एवढीच माझी विद्या.
बाहेर म्यूज नदी, नामूरचा पूल,
बेकरीवाल्याने शटर ओढल्याचा आवाज.

आज बाकावर मार्जोलेनचा आल्टो आहे.
एक गादी फुगलीय,
अंगठ्याचा आकडा डावीकडून झिजलाय.
वीस वर्षं एकाच अंगठ्यानं भार पेलला
की पितळही नमतं.

ती ऑर्केस्ट्रात आहे का?
आहे. नाही.
वर्षातून दोनदा फोन येतो,
एकदा लिएजहून, एकदा लक्झेंबर्गहून.
मग क्लॅरिनेटवाल्यांशेजारी जादाची खुर्ची,
पंगतीत ऐनवेळी मांडलेल्या पाटासारखी.
तिथं बसून ती मोजते.
एकशे अठ्ठेचाळीस आवर्तनं गप्प,
जिभली तोंडात ओली ठेवून.
मग सोळा आवर्तनं ती एकटी,
आणि सभागृहातला खोकला थांबतो.
मग पुन्हा गप्प.
"पैसे गप्प बसण्याचे मिळतात," ती म्हणते,
"वाजवते ते फुकट."

बुधवारी उईच्या संगीतशाळेत नऊ मुलं, शनिवारी सात.
एकाचे पुढचे दात पडलेत.
ते येईपर्यंत तो नुसत्या चाव्या दाबतो,
ती त्याच्यासाठी तोंडानं सूर म्हणते.

नगरपालिकेच्या खिडकीत:
व्यवसाय?
सॅक्सोफोन.
अच्छा, जॅझ!
नाही.
पलीकडचा माणूस बघत राहतो,
जणू हिनं सांगितलं, आमच्याकडे मीठ गोड असतं.

खुंटीवरचा टेनर कॉर्पोरल जेरलाशचा.
एकतीस वर्षं लष्करी बँडमध्ये,
नोव्हेंबरच्या धुक्यात हुतात्म्यांच्या दगडांपुढे उभा.
थंडीनं गाद्यांचं कातडं कडक झालं, बोटंही.
मग बँड निम्मा केला.
आता तो शाळेची बस चालवतो
आणि दर मार्चमध्ये वाद्य इथं आणून ठेवतो.
काय बिघडलंय?
काही नाही. बघून ठेव.

ब्रुसेल्सची ती चौकडी. चौघांची चार वाद्यं
मी एकाच आठवड्यात उघडली होती,
सगळ्यांच्या तळाशी त्याच चर्चची धूळ.
बॅरिटोनवाला वानेस विमा कंपनीत लागला.
तीन पायांवर तिवई उभी राहते,
चौकडी नाही राहत.

आणि ग्वांगजूची सोह्यून,
स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद.
परतीचं तिकीट तीन आठवड्यांनंतरचं.
रोज इथं येऊन बसायची,
बोरूच्या जिभल्या काचेवर घासत.
दहाच्या डबीत दोन बऱ्या निघतात,
त्यातली एक मैफलीची,
आणि ती मैफलीच्या आदल्या दिवशी चिरते.
हे सांगताना ती पहिल्यांदा हसली.
जाताना एक जिभली ठेवून गेली.
मी ती कुणाला दिली नाही.
कुणाला द्यायची, कळत नाही.

सापडली. तिसऱ्या गादीखाली
केसाएवढी उजेडाची रेघ.
लाख वितळवली, गादी बसवली.
मला वाजवता येत नाही,
तपासण्यापुरता सगळ्यात खालचा सूर तेवढा येतो.
तो लागला. कपाटातले स्क्रू खणखणले.

पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून
दिवा आत सोडला, भोंग्यात फडकं कोंबलं,
चाव्या रात्रभरासाठी बांधून टाकल्या.
कुठूनही उजेड येईना.

घरी पोचून सूप पिताना आठवलं,
दिवा आतच राहिलाय.
बायको म्हणाली, जाऊन काढून ये.
बूट घातले.
मग दारातच थोडा वेळ उभा राहिलो.
सकाळी दहाला मार्जोलेन येईल,
तोपर्यंत जळू दे म्हटलं.